दिमाखास तीन महिने विश्रांती

एकावन्न सालच्या येळवशीला, म्हणजे मार्गशीर्षातल्या अमावास्येला, आमच्या तालुक्यात सर्दीतापाची साथ आली. येळवशीला सगळं गाव शेतात जेवायला जातं, एकाच माठातली आंबील पितं, एकाच घोंगडीवर दाटीवाटीनं बसून भज्जी खातं. त्यामुळे साथीला घरोघर हिंडायचे कष्ट पडले नाहीत. चौथ्या दिवशी अर्धा तालुका शिंकत होता. म्हातारी माणसं म्हणाली, ही मानमोडीची धाकटी बहीण. मानमोडी म्हणजे अठरा सालची साथ. तिच्यात खांदा द्यायलाही माणसं उरली नव्हती. धाकटी त्या मानानं गरीब निघाली. पाच दिवस ताप, सात दिवस खोकला, आणि मग माणूस उठून कामाला.

मीही उठलो. ताप गेला, खोकला गेला. त्यांच्याबरोबर आणखी काही गेलंय हे मला लगेच कळलं नाही, कारण जे गेलं होतं त्यानंच ते कळायचं असतं.

मी अंकुशराव. तालुका कचेरीत मुतर्जिम होतो. मुतर्जिम म्हणजे एका भाषेतला कागद दुसऱ्या भाषेत करून देणारा. निजामाच्या राज्यात सरकारी कागद उर्दूत आणि माणसं मराठी-कानडी, त्यामुळे या दोघांची गाठ घालून द्यायला कुणीतरी लागे. पोलीस ॲक्शननंतर निजामी गेली, पण चाळीस वर्षांचे उर्दू कागद कपाटातून हलले नाहीत. आमच्याकडे धारवाडकडचे तहसीलदार आले. त्यांना कानडी उत्तम, मराठी चांगली, इंग्रजी तर विचारूच नका. उर्दू मात्र अजिबात नाही. आल्या आठवड्यात त्यांनी हुकूम काढला की मुतर्जिमचं भाषांतर, सही आणि शिक्का असल्याशिवाय कुठलाही उर्दू कागद आपल्यापुढे ठेवू नये.

खरं तर कचेरीत उर्दू सगळ्यांनाच यायची. सगळ्यांची हयात त्यातच गेलेली. आमचे पेशकार रेवणसिद्धप्पा, म्हणजे तहसीलदारांच्या खालोखालचे गृहस्थ, बायकोशी कानडीत भांडतानासुद्धा मधूनमधून उर्दू कलमं घालत. पण त्या हुकमानंतर नियमानं उर्दू येणारा माणूस तालुक्यात एकच उरला. तो मी.

सुरुवात घरात झाली.

"अगं, ते दे," मी बायकोला म्हणालो.

"काय?" सुशीलाबाई चुलीपुढून म्हणाली.

"ते. पाणी प्यायचं."

"तांब्या म्हणा की. जिभंला काय झालंय?"

जिभेला काहीच झालं नव्हतं. तांब्या मला समोर दिसत होता, त्याच्यावरचा पोचा दिसत होता, तो पोचा कुणाच्या लग्नात पडला तेही आठवत होतं. नाव तेवढं येत नव्हतं. शब्द दारापर्यंत यायचा, चपला काढायचा आणि आत न येताच माघारी जायचा. पहिल्या दिवशी तांब्या गेला, दुसऱ्या दिवशी कुलूप. तिसऱ्या दिवशी मी सख्ख्या मेव्हण्याला "काय हो, हे" म्हणून हाक मारली. तो तेव्हापासून आमच्याकडे जेवला नाही.

कचेरीत त्याहून वाईट. एरवी दिवसाला वीस कागद उरकणारा मी, दोन कागदांनंतर खटकचिंचोळीला चालत जाऊन आल्यासारखा घामाघूम व्हायचो. वाक्याच्या शेवटाला पोचेपर्यंत सुरुवात हातातून सुटायची. परत सुरुवातीला जावं तर शेवट पळालेला. शिवाय राग. आधी मी रागावत नसे, मला तेवढा पगार नव्हता. आता शाई सांडली तरी मस्तकात तिडीक जायची. एका दुपारी मी शिक्का भिंतीवर फेकून मारला. शिपाई नागप्पानं तो उचलला, धोतराला पुसला आणि मेजावर ठेवत म्हणाला, "भिंतीवर उमटला न्हाई, मुनशीजी. शाई कमी पडली."

मग एक दिवस खटकचिंचोळीची मल्लम्मा आली. साठीची बाई, हातात कागद, पदर खोचलेला.

"मुनशी कोण हाय हितं?"

"मी."

"तुमीच लिवलं न्हवं हे?"

तिचा नि तिच्या दिराचा विहिरीच्या पाळीवरून तंटा होता. जुना उर्दू निवाडा तिच्या बाजूनं होता, तो मी मराठीत करून दिला होता. त्यावरून तहसीलदारांनी हुकूम काढला आणि तो गावच्या चावडीवर सगळ्यांसमोर वाचला गेला.

"काय चुकलंय?" मी म्हणालो.

"चुकलंय? ह्यात लिवलंय, मल्लम्मानं आठवड्यातनं दोन दिस विहिणीतून पाणी काढावं. माजी विहीण मरून तीन वर्सं झाली! कुठनं काढू? सगळी चावडी हसायलीय. दीर म्हनतोय, जा वैनी, काढ तिकडं जाऊन, माजी हरकत न्हाई."

मी कागद घेतला. वाचला. मला तिथं विहीर दिसली. पुन्हा वाचला, विहीरच. चौथ्यांदा वाचताना अक्षरावर बोट ठेवत गेलो, तेव्हा बोटाखाली 'ण' सापडला. मल्लम्मा हसत नव्हती. तिचा ऊस उभ्यानं वाळत होता, आणि तो माझ्या एका अक्षरानं वाळत होता.

कागद दुरुस्त झाला. पण तहसीलदारांपर्यंत बातमी गेली आणि दुसऱ्याच दिवशी नवा हुकूम निघाला: ज्या भाषांतरात त्रुटी निघेल ते दुरुस्त होऊन सादर होईपर्यंत मुतर्जिमनं दुसरा कोणताही कागद हाती घेऊ नये. त्या वेळी मला तो अपमान वाटला.

मी पेशकारांकडे गेलो.

"अण्णा, एक दिवस सुट्टी पाहिजे. गुलबर्ग्याला डॉक्टरला दाखवायचंय."

"काय झालंय?"

"डोकं."

"दुखायलंय?"

"दुखत नाही. चालत नाही."

रेवणसिद्धप्पांनी चष्मा कपाळावर सरकवला. "मग ते सगळ्यांचंच हाय, मुनशी. त्यापायी कचेरी बंद ठेवायची काय?"

सुट्टी दिली मात्र. मी हुमनाबादची गाडी पकडली आणि तिथून गुलबर्ग्याला गेलो. ज्या डॉक्टरांकडे गेलो ते जुने हैदराबादी, पांढरी दाढी, शेरवानीची वरची गुंडी तुटलेली. आमच्या गावच्या दवाखान्यात मला "सर्दी उतरली, आता काय?" एवढंच ऐकायला मिळालं होतं. यांनी मात्र दीड तास घेतला. डोळ्यात दिवा मारला, गुडघ्यावर हातोडी मारली, शंभरातून सात-सात वजा करायला लावले. त्र्याण्णवपर्यंत मी नीट गेलो. त्यानंतर सात वजा करायचे की मिळवायचे याबद्दल माझ्यात दोन तट पडले.

"बुखार कब आया था?"

"येळवशीला."

"हौ," ते म्हणाले. "नजला नाक में आया, बुखार बदन में आया, सब चले गए. एक मेहमान ऊपर रह गया."

"ऊपर?"

त्यांनी स्वतःच्या कपाळावर टिचकी मारली. "दिमाग. नाक से दिमाग कितना दूर है मियाँ? बीच में एक पतली दीवार है, बस."

मग त्यांनी सांगितलं ते असं. या तापाचं विष इतकं बारीक की साध्या सूक्ष्मदर्शकाला दिसत नाही. ते मेंदूत शिरतं, की त्याच्याशी लढताना अंगातच काही पेटतं आणि त्याची धग वर लागते, हे त्यांना ठाऊक नव्हतं आणि त्यांच्या मते अजून कुणालाच ठाऊक नव्हतं. पण अठरा साली मानमोडी आली तेव्हा ते वैद्यकी शिकत होते. त्यानंतरच्या वर्षांत त्यांनी माणसं पाहिली होती. महिनोन्‌महिने झोपून राहिलेली. घास तोंडाशी नेता नेता मधेच थांबलेली, आणि थांबलेलीच राहिलेली. ते या साथीनंच झालं की दुसऱ्या कशानं, यावर मोठे डॉक्टर भांडत होते. ते भांडण अजून मिटलेलं नव्हतं. माझं तेवढं नव्हतं. माझं बरं होणारं होतं.

"मगर एक शर्त है. तीन महिने लिखना-पढ़ना नक्को. दिमाग को आराम दो. जबरदस्ती काम लिया तो ये ऐसाच रह जाएगा."

"ऐसाच म्हणजे?"

"ऐसाच," ते म्हणाले, आणि माझ्याकडे पाहिलं. मी सेहेचाळीस वर्षांचा होतो. घरात माझ्यापाशी विकण्यासारखं काही असेल तर ते डोक्यातले तीन भाषांमधले शब्द. ते गेले तर मी नुसता अंकुशराव.

त्यांनी दाखला लिहून दिला. आयुष्यभर ज्या भाषेत लिहिलं तिच्यात. सुरेख नस्तालिक अक्षर, जागच्या जागी नुक्ते. मी तो टोपीत ठेवून परत आलो आणि दुसऱ्या दिवशी रजेच्या अर्जाला टाचून पेशकारांपुढे ठेवला.

त्यांनी तो वाचला. चेहऱ्यावरून समजलं की पूर्ण वाचला.

"उर्दूत हाय," ते म्हणाले.

"हो."

"सायबापुढं जायचं असंल तर भाषांतर लागतंय."

"अण्णा, तुम्ही आत्ता वाचलात."

"वाचलं की. वाईट वाटलं मला. पण नियमानं मला येत न्हाई." त्यांनी दाखला उचलला, आवकच्या वहीत चढवला, नंबर घातला आणि माझ्याच मेजावरच्या माझ्याच ट्रेमध्ये ठेवला. "तुजा कागद हाय."

"स्वतःच्या कागदाचं भाषांतर स्वतः करू नये असा काही नियम?"

"तसा नियम केला तर दुसरा मुतर्जिम नेमावा लागंल. म्हणून केला न्हाई."

मी अर्ज जसाच्या तसा पुढे पाठवा म्हणालो; परत आला. डॉक्टरांकडून इंग्रजी दाखला आणतो म्हणालो. त्यासाठी पुन्हा गुलबर्ग्याला जायला रजा हवी, दुसऱ्या खेपेच्या रजेसाठी दाखला हवा, आणि तो ट्रेमध्ये होता. तेव्हा मी दौत पुढे ओढली.

दाखला छोटा होता. नऊ ओळी. पहिल्या ओळीतला नजला-ए-वबाई मी सहज 'साथीचा सर्दीताप' केला, आणि बरं वाटलं. पुढे आलं: मरीज़ का दिमाग मुतास्सिर है. मरीज म्हणजे रुग्ण. मुतास्सिर म्हणजे परिणाम झालेला. आणि दिमाग म्हणजे...

दिमाग म्हणजे डोक्याच्या आत असतो तो. मऊ. करडा. घड्या घड्या पडलेल्या असतात. मला त्याचं चित्र काढता आलं असतं. नाव येईना. दुपार झाली. मी नागप्पाला हाक मारली.

"नागप्पा, बोकड कापला की मुंडीत जे निघतं त्याला काय म्हणतात?"

नागप्पा दोन पावलं मागे सरला. गळ्यातल्या लिंगाला हात लावून म्हणाला, "मुनशीजी, लिंग बांधल्याली माणसं आमी. बोकडाचं आमाला कामून इचारायलाव?"

कागद घडी करून घरी नेला. सुशीलाबाई ज्वारी निवडत होती.

"डोक्याच्या आत काय असतं गं?"

"कुणाच्या? तुमच्या?"

"कुणाच्याही."

"भेजा."

"भेजा नको. सरकारी शब्द पाहिजे."

"सरकारी भेजा कुठनं मिळायचा?" ती म्हणाली आणि सुपातला खडा उचलून फेकला. मग माझ्याकडे बघून जरा मऊ आवाजात म्हणाली, "अक्कल लिवा की."

"अक्कल गेली असं लिहून कुणी रजा मागतं का?"

"मागत न्हाईत. पर बऱ्याच जणांनी मागाया पायजे."

मी दोन दिवस त्या शब्दापुढे बसलो. जे डोकं झिजवू नये म्हणून दाखला मिळाला होता, तेच डोकं तो दाखला लिहिण्यात झिजत होतं. तिसऱ्या दिवशी कानशिलं ठणकायला लागली आणि मला एकाएकी शब्द सापडला. इतका सोपा, इतका जवळचा, की दोन दिवस कसा दिसला नाही याचीच लाज वाटली. दिमाग उर्दूत असतो. मराठीत आला की त्याचा दिमाख होतो. आमच्याकडे लहान पोरालाही ठाऊक असतो हा शब्द. कानडीत सुद्धा दिमाकु म्हणतात. मी भराभर चारी ठिकाणी तो घातला, सही केली, शिक्का मारला आणि कागद पेशकारांकडे दिला. त्या रात्री बऱ्याच दिवसांनी गाढ झोपलो.

दिमाग हैदराबादेहून निघून आमच्या सरहद्दीत येईपर्यंत कवटीतून बाहेर पडतो, मिशीला पीळ भरतो आणि मान ताठ करून चालू लागतो. मराठीत दिमाख म्हणजे तोरा, कानडीत दिमाकु म्हणजे मस्ती. हे मला जन्मापासून माहीत होतं. त्या तिसऱ्या दिवशी तेवढं माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तहसीलदारांनी बोलावलं. पेशकार बाजूला फाईल धरून उभे होते.

"अंकुशराव, हा दाखला तुमचा?"

"होय साहेब."

"आणि भाषांतर?"

"माझंच."

ते मोठ्यानं वाचायला लागले. स्वच्छ धारवाडी उच्चार, एकही अक्षर न गाळता. "'साथीच्या सर्दीतापानंतर रुग्णाच्या दिमाखावर परिणाम झाला आहे. पूर्वीसारखा दिमाख उरलेला नाही. रुग्णाच्या दिमाखास तीन महिने विश्रांती द्यावी. तसे न केल्यास हा दिमाख कायमचा जाईल.'"

त्यांनी कागद खाली ठेवला.

"मी इथे आल्यापासून जुन्या नोकरांचा दिमाख बघतो आहे," ते शांतपणे म्हणाले. "त्यावर वैद्यकीय इलाज असेल हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. पण अंकुशराव, तो कायमचा जात असेल तर मी तो थांबवावा कशासाठी?"

तो शब्द त्यांच्या तोंडून ऐकला मात्र, आणि दुसरा शब्द दाणकन येऊन माझ्या जिभेवर बसला.

"मेंदू!" मी ओरडलो.

तहसीलदार खुर्चीत मागे झाले. "काय?"

"मेंदू, साहेब! दिमाग म्हणजे मेंदू! तीन दिवस शोधत होतो, सापडत नव्हता. म्हणून दिमाख लिहिलं. ताप मेंदूला लागलाय माझ्या."

"आता सापडला?"

"सापडला!"

"उर्दूतला दिमाग म्हणजे मेंदू, आणि दिमाख म्हणजे तोरा, हा फरक तुम्हाला समजतो?"

"स्पष्ट समजतो साहेब."

"मग बिघाड कुठे आहे?" ते म्हणाले. टोमणा नव्हता त्यात. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. "भाषांतर दुरुस्त करून आणा. ते पाहून ठरवू."

मी बाहेर आलो. पेशकार मागोमाग आले.

"अण्णा, तुम्ही वाचलं होतंत ना पुढं पाठवायच्या आधी? मग मला बोलायचं."

"वाचलं की. मला वाटलं, डॉक्टर मोठा दिसतोय, माणूस बरोबर वळखलाय."

मी मेजाशी बसून दाखला पुढे घेतला तेव्हा माझी खरी अडचण उमगली. आता नीट भाषांतर केलं, तर कागद सांगणार की याचा मेंदू बिघडलाय, आणि भाषांतर सांगणार की ठणठणीत आहे. साहेब भाषांतरावर विश्वास ठेवणार, कारण त्यावर सरकारी शिक्का. चुकीचं केलं, तर कागदच बाद. आजारी असल्याचा पुरावा द्यायचा तर आजारी नसावं लागत होतं. कचेरीत मात्र नाव पडून गेलं होतं. मी शाई मागितली की टपालवाले म्हणत, "दिमाखवाल्यांना शाई द्या." मी चिडलो की एकमेकांना खूण करत, "बघा, चढला." न चिडलो की म्हणत, "उतरायलाय हळूहळू."

चार दिवस मी त्या नऊ ओळींपुढे बसलो. चौथ्या दिवशी दुपारी उठून विहिरीवर गेलो, डोक्यावर गार पाणी घेतलं, आणि परत येऊन लिहिलं. सगळं लिहिलं. साथ, ताप, तीन महिने, विश्रांती. जिथं तो शब्द यायचा होता तिथं चारी ठिकाणी बोटभर जागा कोरी सोडली. सही केली. शिक्का मारला. तो व्यवस्थित उमटला.

तहसीलदारांनी वाचलं. "'रुग्णाच्या', मग रिकामी जागा, 'वर परिणाम झाला आहे.' इथे काय आहे?"

"साहेब, तिथं जे असायला पाहिजे ते जागेवर नाही, असंच डॉक्टरांचं म्हणणं आहे."

"तुम्हाला शब्द माहीत आहे."

"त्या दिवशी आला होता. आज सकाळी आला होता. लिहिताना येईल की नाही ते मला सांगता येत नाही. साहेब, तोच माझा आजार आहे. मी मल्लम्माला विहिणीत उतरवलं होतं. चार वेळा वाचून मला विहीरच दिसली. उद्या कुणाचं शेत माझ्या हातून दुसऱ्याचं होईल आणि मला ते ज्याचं त्याचंच दिसेल."

मला वाटतं, त्यांनी विश्वास ठेवला. पण तहसीलदाराला नुसत्या विश्वासावर सही करता येत नाही. त्यांनी लाल पेन्सिल घेतली आणि समासात लिहिलं: रिकाम्या जागा भरून फेरसादर करावे.

मी कागद घेऊन बाहेर पडलो ते थेट पेशकारांच्या मेजापाशी.

"अण्णा, संपलं. हे कधी भरायचं नाही आणि कधी सुटायचं नाही."

रेवणसिद्धप्पांनी लाल अक्षरं वाचली. मग खण उघडून महिन्यापूर्वीचा हुकूम काढला, विहिणीच्या भानगडीनंतरचा. तो वाचला. मग दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले.

"त्रुटी निघाली," ते म्हणाले.

"निघाली."

"दुरुस्त हुईस्तोवर मुतर्जिमनं दुसरा कागद हाती घिऊ नये. सायबाचाच हुकूम हाय."

"आहे."

"किती दिसात दुरुस्त करायची, हे हुकमात न्हाई." त्यांनी चष्मा खाली घेतला. "तुला चार जागा भराया किती दिस लागतील रे?"

मला समजायला वेळ लागला. त्या दिवसांत सगळंच समजायला वेळ लागे. "डॉक्टर तीन महिने म्हणाले, अण्णा."

"मग भर सावकाश. चुकू नको." आणि त्यांनी माझा ट्रे रिकामा करून आपल्या मेजावर घेतला.

तीन महिने मी रोज दहाला कचेरीत जाऊन त्या कोऱ्या जागांपुढे बसलो. लिहायचं नाही, वाचायचं नाही. खिडकीतून भालकीकडे जाणाऱ्या उसाच्या गाड्या बघायच्या. उर्दू कागदांचं काय झालं? काही नाही. पेशकार ते तहसीलदारांना तोंडी मराठीत वाचून दाखवत. तोंडी वाचायला हुकमात मनाई नव्हती. तालुका माझ्यावाचून सुरळीत चालला. हे दुखणं डॉक्टरांनी आधी सांगितलं नव्हतं.

शब्द परत आले, पण एकदम नाही. तांब्या फाल्गुनात आला. कुलूप पाडव्याला. एका दुपारी मी नागप्पाचं बोलणं सुरुवातीपासून शेवटापर्यंत ऐकलं आणि शेवटाला पोचल्यावर सुरुवात तिथंच होती. बोलणं त्याच्या म्हशीबद्दल होतं, तरी माझ्या डोळ्यांत पाणी आलं. नागप्पाला वाटलं, म्हशीपायी.

वैशाखात मी पेन उचललं, चारी जागी 'मेंदू' भरलं आणि कागद पाठवला. दुसऱ्या दिवशी हुकूम आला: सदर इसमाचा मेंदू पूर्णपणे कार्यक्षम असल्याचे त्याच्याच भाषांतरावरून सिद्ध होते. रजेचे कारण उरलेले नाही. अर्ज फेटाळण्यात येत आहे.

माझा ट्रे परत माझ्या मेजावर आला. सगळ्यात वर मल्लम्माचा कागद होता. दिरानं वर अपील केलं होतं, म्हणून निवाड्याचं भाषांतर नव्यानं मागवलं होतं. मी उर्दू निवाडा वाचला. बावली, म्हणजे विहीर. मी मराठीत लिहिलं. वाचलं. पुन्हा वाचलं. शेवटच्या अक्षरावर बोट ठेवलं, उचललं, पुन्हा ठेवलं. मला तिथं 'र' दिसत होता. मागच्या वेळीही दिसला होता.

उठलो आणि कागद पेशकारांपुढे धरला.

"अण्णा, इथं काय लिहिलंय?"

त्यांनी आधी कागदाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"नियमानं विचारायलास का खरं?"

"खरं," मी म्हणालो.